अरोचकी

साहित्यशास्त्राच्या तासाला दरवर्षी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी लागते. आपल्या समीक्षेची निम्मी परिभाषा स्वयंपाकघरातून आलेली आहे. रस, रुची, अभिरुची, आस्वाद, चर्वणा, हे सगळे शब्द जिभेचे आहेत. रस म्हणजे काय, हे सांगताना भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात दृष्टान्त दिला तोही नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचा आणि ते प्रसन्न मनाने जेवणाऱ्या माणसाचा. पुढे वामनाने कवींचे दोन वर्ग केले. एक 'अरोचकी', म्हणजे ज्याला सहसा काही रुचत नाही असा. दुसरा 'सतृणाभ्यवहारी', म्हणजे धान्याबरोबर गवतही गिळणारा. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त हेच शब्द भावकांना, म्हणजे रसिक-समीक्षकांना, लावले आणि त्यांच्या जोडीला मत्सरी आणि तत्त्वाभिनिवेशी असे आणखी दोघे आणून बसवले. वामनाचे म्हणणे असे, की शिकवावे ते अरोचक्याला, कारण त्याच्यापाशी विवेक असतो. दुसऱ्याला शिकवणे व्यर्थ.

पंधराएक वर्षे आम्ही दोघे, दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत, हे निर्धास्तपणे शिकवत आलो. मग चाळिशीत आमच्या घरी एक अरोचकी जन्माला आली. ती आता अडीच वर्षांची आहे.

जन्मतः ती अशी नव्हती. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करण्याची रीत आहे, म्हणून ते सातव्यात केले. सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली तेव्हा तिने अंगठीच धरून ठेवली. पुढचे काही महिने ती पक्की सतृणाभ्यवहारी होती, तीही शब्दशः. नाचणीचे सत्त्व, मुगाच्या वरणात कालवलेला गुरगुट्या भात, उकडलेला लाल भोपळा, आणि मध्ये कधीतरी चटईची काडी. पंधराव्या महिन्याच्या सुमारास हे सगळे आटू लागले. आज तिला चालणाऱ्या पदार्थांची यादी एका दमात संपते. दहीभात, पोळीचा वरचा पापुद्रा, केळे (पण मोडलेले नको), तूपभात, आणि राजगिऱ्याचा लाडू, तोही आजीने दिला तरच. पांढऱ्या रंगावर तिची निष्ठा आहे. भाताच्या घासात मोहरीचा एक दाणा गेला तर तो जिभेच्या शेंड्यावर वेगळा होऊन बाहेर येतो आणि बाकीचा घास त्याच्या मागोमाग. प्रक्षिप्त ओव्या हुडकणाऱ्या संहितासंपादकाने हेवा करावा असे हे कसब आहे.

गंमत अशी, की 'चोखंदळ वाचक' ही आपल्याकडे पदवी समजली जाते, आणि चोखंदळ जेवणाऱ्याला मात्र नखरेल म्हणतात. पुस्तक आवडले नाही म्हणून मिटून ठेवणाऱ्याचे आपण कौतुक करतो. ताट सरकवणाऱ्याला संस्कार नाहीत, असे ठरवून मोकळे होतो.

विनोद बाजूला ठेवू. जन्माच्या वेळी तिचे वजन दोन किलो आठशे होते, वर्षाला आठ, दुसऱ्या वर्षाअखेर दहा. पहिल्या वर्षात मूल जवळजवळ तिप्पट होते आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोची भर पडते. वाढ मंदावते तशी भूकही मंदावते, हे शरीराचे साधे गणित आहे. नेमक्या याच वयात नव्या पदार्थाचे भयही जागे होते. चालू लागलेले मूल आईच्या नजरेआड जाते, हाताला येईल ते तोंडात घालते, तेव्हा अनोळखी पाला नाकारणारे मूल जगण्याची शक्यता अधिक, अशी या भयाची एक उपपत्ती शास्त्रज्ञ देतात. म्हणजे आमची लेक मेथीला जे म्हणते ते तिच्या पूर्वजांनी एखाद्या विषारी झुडपाला म्हटले असणार. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी हे समजावून सांगितले आणि वजनाच्या आलेखावर बोट ठेवून दाखवले, की हिची रेषा खालच्या रेषांपैकी एक आहे, पण ती वर चढते आहे. रेषा आडवी झाली, खालच्या रेषेला छेदून गेली, गिळताना ठसका लागू लागला, खाल्लेले वारंवार उलटू लागले किंवा चालणारे पदार्थही एकेक करून गळू लागले, तर मात्र ती निव्वळ आवडनिवड राहत नाही. मग त्यांनी रक्त तपासायला सांगितले. या वयात हिमोग्लोबिन अकराच्या खाली जाऊ नये. तिचे दहा पूर्णांक दोन निघाले.

तो आकडा आला त्या संध्याकाळी आम्ही फारसे बोललो नाही. लोहाचे थेंब सुरू झाले. दुधावर मर्यादा आली. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, कारण दूध पोट भरते आणि लोह जवळजवळ देत नाही. थेंबांनी दात काळे होतात म्हणून ते जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचे, आणि त्यासाठी तोंड उघडायला लावायचे. तोंड उघडणे हाच तर सारा तंटा होता.

अशा दिवसांत मराठीच्या प्राध्यापकाचे लक्ष क्रियापदांकडे गेले तर त्याला क्षमा असावी. आपण मुलाला 'भरवतो'. भरणे या धातूचे हे प्रयोजक रूप. शाळा भरवतात, प्रदर्शन भरवतात, बाजार भरवतात, तसेच मूलही भरवतात. 'मूल खाते' या वाक्यात मूल कर्ता आहे. 'आई मुलाला भरवते' म्हटले, की कर्तेपण आईकडे जाते आणि मूल विभक्तीचा प्रत्यय लावून एका बाजूला उभे राहते. आणि एक तिसरे रूप आहे, शक्य क्रियापदाचे. 'तिला खाववत नाही.' या रूपात कोणाकडेच दोष जात नाही. ती खात नाही असे नव्हे आणि आम्ही भरवत नाही असेही नव्हे. शरीरात कुठेतरी एक दार बंद आहे, एवढेच ते वाक्य सांगते. घरात, शेजारी, लग्नाकार्यात 'ही काही खात नाही का?' असा प्रश्न येतो तेव्हा आम्ही हे तिसरे रूप वापरतो. त्याने प्रश्न विचारणारा क्षणभर थबकतो. व्याकरणाचा असा व्यावहारिक उपयोग पूर्वी कधी झाल्याचे स्मरत नाही.

भरवण्याची परंपरेतली युक्ती म्हणजे चिऊकाऊचे घास. एकेका घासाला पात्र नेमून द्यायचे. हा चिऊचा, हा काऊचा, हा मनीमाऊचा. कथनशास्त्राच्या अंगाने पाहिले तर हा फार विलक्षण प्रकार आहे. कथानक घासाच्या मापाने तुकडे होऊन येते आणि श्रोत्याने तोंड उघडल्याखेरीज पुढे सरकत नाही. निवेदक श्रोत्याच्या तोंडाकडे पाहत असतो. आजकाल त्या जागी मोबाइल आला, याबद्दल हळहळणारे लेख पुष्कळ वाचायला मिळतात. आमचे मत जरा निराळे आहे. दोन्हींचा हेतू एकच, मुलाचे लक्ष अन्नावरून काढून घेणे. मूल गोष्टीत रमले, की घास नकळत आत जातो, आणि 'नकळत' हाच त्यातला प्रश्न आहे. आपण काय खाल्ले हे ज्याला कळलेच नाही, त्याला ते उद्या आवडणार कसे? फरक आहे तो इतकाच, की आजी थांबते. मुलाने मान फिरवली तर काऊला उडवून लावता येते. पडद्यावरचा काऊ कोणासाठी थांबत नाही.

वाचनाची सवय असल्यामुळे आम्ही या विषयावरही वाचत गेलो. त्यात एक नाव मनात घर करून राहिले, क्लारा डेव्हिस. या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२० च्या दशकात नुकतीच अंगावरून तुटलेली मुले घेऊन एक प्रयोग केला. १९२८ मध्ये त्याचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि १९३९ मध्ये पंधरा मुलांचा एकत्रित आढावा. मुलांपुढे साधे, बिनमिश्रणाचे पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत ठेवायचे. यादीत एकूण चौतीस पदार्थ होते. परिचारिकेने चमचा घेऊन गप्प बसायचे. मुलाने हात केला किंवा बोट दाखवले तरच तो पदार्थ द्यायचा, आग्रह नाही, शाबासकी नाही, नापसंतीही नाही. मुलांनी वाटेल ते खाल्ले. कोणाची न्याहारी संत्र्याचा रस आणि काळीज, कोणाचे रात्रीचे जेवण अंडी, केळी आणि दूध. एका मुडदूस झालेल्या मुलापुढे कॉड माशाचे तेल ठेवले होते. ते त्याने आपण होऊन घेतले आणि हाडे सुधारल्यावर बंद केले. सगळी मुले चांगली वाढली. डेव्हिसबाईंनी प्रामाणिकपणे हेही लिहून ठेवले, की खरी मेख त्या यादीत आहे. यादीत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हते. मुलांनी निवड केली, पण वाईट निवड करण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी याच दिशेने जाणारी वाटणी सुचवली. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, ते मुलाने. त्यांचे 'चाइल्ड ऑफ माइन' हे पुस्तक १९८३ चे. वाचताना वाटले, ही तर शिक्षकाला मान्य व्हावी अशी विभागणी. पुस्तके आपण नेमायची, आस्वाद विद्यार्थ्याचा.

आमच्या आईंना हे मान्य होणे शक्य नव्हते. आई म्हणजे आमच्यातल्या एकाची आई आणि दुसऱ्याच्या सासूबाई. हाक मात्र दोघांची एकच. माहेर बीड जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात त्या बारा वर्षांच्या होत्या. त्यांची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई आणि या धाकट्या भावाला कडेवर घेऊन खडीच्या ढिगाऱ्याच्या सावलीला बसत. कामावर सुकडी मिळे. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तिला सगळे मिलो म्हणत. मिलोची भाकरी थापताना चिरत असे आणि खाल्ल्यावर पोटात दगडासारखी बसत असे, असे आई सांगतात. सांगताना त्यांचा आवाज बदलत नाही. मराठवाड्यातली जुनी माणसे म्हणतात, की नंतरचे दुष्काळ पाण्याचे होते, तो अन्नाचा होता. आई जेवून उठल्यावर त्यांच्या ताटाकडे पाहिले तर ते घासायचे आहे की घासलेले, असा प्रश्न पडावा.

अशा बाईपुढे रोज दोन वेळा चार घास उष्टे राहिलेली ताटली येते. नातीने टाकलेला भात आई खातात. टाकून द्यायचा तर हात धजत नाही, आणि दारात येणारी गाय आता आमच्या गृहसंकुलात येत नाही. गेल्या वर्षी त्यांची रक्तातली साखर वाढत गेली. गोळ्यांचे माप वाढवावे लागले तेव्हा डॉक्टरांनी आहाराची चौकशी केली. त्यांनी आपल्या जेवणाचा हिशेब अचूक सांगितला. दीड भाकरी, भाजी, वाटीभर वरण. नातीचे उष्टे त्यात नव्हते. ते त्यांच्या लेखी जेवण नव्हतेच. एका घरात एकीचे हिमोग्लोबिन उतरत होते आणि एकीची साखर चढत होती, आणि दोन्ही आकडे एकाच ताटलीतून निघाले होते.

त्या रात्री आम्ही त्यांना डेव्हिसबाईंचा प्रयोग सांगितला. जरा उत्साहाने, थोडा वर्ग घेतल्यासारखा. लेकराला भूक कळते, त्याच्या पोटाला माप ठाऊक असते, वगैरे. आई शेंगा सोलत होत्या. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "त्या लेकरांपुढं किती होतं म्हणलास? चौतीस?"

"हो."

"आमच्यापुढं एक होतं. आम्ही पण आपल्या हातानंच खाल्लं."

जरा वेळाने शेंगांची टरफले गोळा करता करता म्हणाल्या, "ही नको म्हणती ना, त्याचा मला राग नाही येत. नको म्हणता येतंय पोरीला, याचं मला नवल वाटतंय. माझा भाऊ रडायचा तो 'दे' म्हणून. नको हा शब्द त्याला लई उशिरा आला."

आम्ही दोघे शब्दांवर पोट भरणारी माणसे. नकाराचे सामर्थ्य, नकाराची कविता, दलित साहित्यातला नकार, हे सगळे आम्ही शिकवलेले आहे, त्यावर प्रश्नपत्रिका काढलेल्या आहेत. नकारालाही आधी एक भरलेली ताटली लागते, ही गोष्ट कुठल्या टिपणात आम्ही लिहिलेली आठवत नाही.

तेव्हापासून पाठ्यपुस्तकांतली जेवणे वेगळी दिसू लागली. 'श्यामची आई' (१९३५) मधली अळणी भाजीची रात्र घ्या. आईकडून भाजीत मीठ घालायचे राहून जाते. वडील एक अक्षर न काढता जेवतात, मुलेही त्यांचे पाहून तशीच जेवतात. पिढ्यान्‌पिढ्या हा प्रसंग न कुरकुरता जेवण्याचा धडा म्हणून सांगितला गेला. तो आहेही. पण भाजी अळणी आहे हे त्या आईला कळते केव्हा? सगळ्यांचे झाल्यावर ती स्वतः जेवायला बसते तेव्हा. सगळ्यांच्या सुसंस्कृत मौनाचा शेवटचा घास तिच्या वाट्याला येतो. आमच्या लेकीच्या पंगतीत ही वेळ कोणावर येणार नाही. मीठ नसले तर पहिल्या घासालाच सगळ्या आळीला कळेल.

आणि नामदेवांची कथा, जी महिपतींच्या 'भक्तविजया'ने घरोघर नेली. वडील गावाला गेलेले, लहानग्या नामदेवाला नैवेद्य घेऊन देवळात पाठवलेले. त्याची साधी समजूत अशी, की देव रोज जेवतो. देव जेवत नाही. मूल विनवते, रडते, शेवटी पायरीवर डोके फोडून घ्यायला निघते, आणि विठ्ठल जेवतो. वर्गात ही कथा बालभक्तीची म्हणून सांगितली जाते. घरी रात्री साडेआठला, हातात वाटी धरून बसले असताना, ती फार निराळी ऐकू येते. इथे न खाणारा देव आहे आणि भरवणारे मूल. भरवणाऱ्याचा हट्ट इतका, की तो स्वतःच्या जिवावर उदार होतो, आणि समोरच्याचे खाणे ही त्या हट्टाला मिळालेली शरणागती आहे. प्रेम आहे, यात शंका नाही. पण 'तू खाल्ले नाहीस तर मी मरेन' हे वाक्य अडीच वर्षांच्या मुलीला ऐकवण्याजोगे आहे का? देव ते पेलू शकला, कारण तो देव होता.

घरातली नवी व्यवस्था आईंनीच बसवली, आमच्या वाचनाचा तिच्याशी संबंध नाही. त्या म्हणाल्या, ताटली बंद करा. आता लेकीला एक लहानशी वाटी असते, पूर्वी चटणीसाठी वापरायचो ती. तीत दोन चमचे दहीभात. शेजारी चहाच्या बशीत घरात त्या दिवशी जे असेल त्याचे बोराएवढे काहीतरी. मेथी, मटकीची उसळ, भोपळ्याची फोड, बाजरीच्या भाकरीचा तुकडा. ते खा असे कोणी म्हणत नाही, खाल्ले तर टाळ्या पिटत नाही. नवा पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो तेव्हा मूल त्याला ओळखीचा मानते, असे म्हणतात. आम्ही मोजतो. सगळे एकत्र बसतो, आईही, हे विशेष. आजवर त्या शेवटी बसत असत. पंचवीस मिनिटांनी वाटी उचलायची, रिकामी असो वा नसो. राहिलेच तर ते चमच्याएवढे असते आणि बाल्कनीतल्या कठड्यावर जाते. कावळा येतो. खरा.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक एक आले. त्यात थेंबांचा वाटा किती आणि बशीचा किती, हे सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाल्या, थेंब एवढ्यात थांबवू नका, शरीरातला साठाही भरून निघायला हवा. वजन दहा किलो नऊशे. आईंची साखर किंचित उतरली आहे, पण पथ्य चालूच ठेवायचे आहे.

मटकी सहाव्या वेळेपर्यंत पोहोचली आहे. लेक एकेक दाणा उचलते, मोड ओढून काढते, मोड टाकते आणि दाणा बशीच्या काठावर ओळीत मांडते. काल तिने त्यातला एक आजीच्या ताटात नेऊन ठेवला. आईंनी तिच्याकडे पाहून विचारले, "मला नको म्हटलं तर?" ती थोडा वेळ उभी राहिली आणि दाणा परत घेऊन गेली. मेथी अकराव्या वेळेवर आहे. अजून बशीतच आहे.